टबातला थर्मामीटर

थर्मामीटर खरं तर ज्ञानदाच्या आंघोळीसाठी आणलेला. पण रियाधच्या त्या हिवाळ्यात तो पोरीच्या टबापेक्षा कोठीच्या खोलीतच जास्त राहिला. तिथे घोंगडी पांघरून प्लास्टिकचा एक मोठा कॅन बसला होता आणि त्यात चंद्रशेखरची बिअर आंबत होती. दारूबंदीच्या त्या देशात कुणाला कळलं असतं तर नोकरी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, सगळंच खलास. तरी बँकेत जाताना तो बायकोला, वीणाला, रोज बजावून जायचा, "वीस अंशांच्या आसपास ठेव हं. वर गेलं तर ओला टॉवेल, खाली आलं तर घोंगडी."

"आणि पोर रडली तर?"

"तिला तू आहेस की."

कोठीला खिडकी नव्हती, तिथली हवा फारशी गरम-गार होत नसे, म्हणून कॅन तिथे. पुढे इराकशी युद्ध सुरू झालं. विषारी वायूच्या भीतीने घरातली एक खोली चिकटपट्टीने बंद करायची ठरली, तेव्हा खिडकी नाही म्हणून निवडली तीही कोठीच. कॅन हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका संध्याकाळी सायरन वाजला. तिघं आत शिरली. दाराच्या फटी बुजवल्या, पोरीसाठी हीटर लावला. मास्क दोघांनाच होते. तान्ह्या मापाचा मिळाला नव्हता. ज्ञानदा खाली गादीवर पायाचा अंगठा चोखत पडली होती. कॅनमधून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती, तिथे बुडबुडे येत होते. आधी रेंगाळत, मग भराभर. सवयीने वीणाने थर्मामीटर पाहिला. पारा तीस अंशांना टेकला होता.

तिने ओला टॉवेल उचलला आणि हात तसाच राहिला.

"शेखर, हे बुडबुडे कसले?"

"कसले म्हणजे? कार्बन डायऑक्साइड. जोरात काम चाललंय."

"तो जातो कुठे?"

त्याने मास्क हनुवटीखाली ओढला. "इतक्याशाने काय होतंय!"

"हवेपेक्षा जड ना तो? खाली बसतो. खाली कोण आहे?" तिने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. "बाहेरचा गॅस नको म्हणून फटी बुजवल्या, आणि आत आपणच भट्टी लावून बसलोय. काढ तो बाहेर."

"सायरन तरी थांबू दे. बाहेर गारठा आहे गं, मरेल ते यीस्ट सगळं."

"कोण मरेल?"

 वीणानेच एका हाताने पट्टी ओढली. त्याने कॅन फरफटत बाहेर नेला. लांब कुठेतरी धडाका झाला, भांडी हादरली. तो धावत आत आला आणि त्याने दार पुन्हा बंद केलं. पट्टी त्याच्या बोटांनाच चिकटत होती. बुडबुड्यांशिवाय खोली फार शांत वाटली. वीणा पोरीचा श्वास ऐकत उभीच राहिली.

सकाळी कॅन गार पडलेला. चंद्रशेखर घोंगडी घेऊन थर्मामीटर शोधत न्हाणीघराशी आला. ज्ञानदा टबात पाणी उडवत होती आणि थर्मामीटर तिच्या पोटाशी तरंगत होता.

"किती आहे?" त्याने दारातून विचारलं.

"हिला लागतं तेवढं," वीणा म्हणाली.

 मग घोंगडी खुंटीला अडकवून त्याने टॉवेल घेतला. कोरडा.