काढणार, तपासणार

"समजा, भिंत उभी राहिलीय, गिलावा वाळलाय, आणि मालक म्हणाला, ही खिडकी चार फूट पलीकडे हलवा. काय कराल?"

मॅडमनी प्रश्न टाकला आणि वर्ग जागा झाला. एकानं सांगितलं, मागणी लेखी घेईन. दुसरी म्हणाली, वाढीव काम म्हणून नोंद करीन. तिसऱ्यानं करारातलं कलमच म्हणून दाखवलं. मग मॅडमची नजर मागच्या बाकावर गेली.

"ताई, तुम्ही?"

ताई जरा सावरून बसल्या. "आधी विचारीन, खिडकी नक्की कुणाला हलवायचीय? आमच्याकडे असंच एकदा मालक हटून बसला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याच्या आईला पलंगावर पडल्या पडल्या फाटक दिसत नव्हतं. मग आम्ही खिडकी नाही हलवली. पलंग हलवला."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "हे पुस्तकात नाही."

ताई पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या मुलीच्या वयाची. आर्किटेक्चरची पदवी त्यांनी ऐन तारुण्यात घेतली होती, पण व्यवसाय-पद्धतीचा हा पुढचा अभ्यासक्रम राहून गेला होता. करार, परवाने, जबाबदाऱ्या असा दोन वर्षांचा शनिवार-रविवारचा अभ्यास. तो पुरा करून तोंडी परीक्षेत उतरलं की नकाशावर स्वतःच्या नावानं सही करता येते. ऑफिसात सगळे त्याला 'सहीचा कोर्स'च म्हणत. ताईंनी आयुष्यभर नकाशे काढले आणि सह्या दुसऱ्यांनी केल्या. कुणी कारण विचारलंच तर उत्तर तयार असे. मुलगी लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग राहिलंच.

ज्यांच्या हाताखाली त्या काम करत ते सर निवृत्त झाल्यावर ऑफिस सरांच्या पुतण्याकडे आलं. एका दुपारी तिथल्या सत्तावीस वर्षांच्या नव्या आर्किटेक्टपुढे ताईंनी महिनाभर खपून काढलेला दवाखान्याचा नकाशा ठेवला. तो फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्यानं सही ठोकली. मान वर केली नाही, कागदाकडे पाहिलं नाही. "ताई, तुमचं काम म्हणजे डोळे झाकून," तो नंतर म्हणाला. बिचाऱ्यानं कौतुकच केलं होतं. पण ताईंच्या मनाला ते लागलं. डोळे झाकून? त्याच आठवड्यात त्यांनी फॉर्म भरला.

नवरा हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "आता या वयात?"

"या वयात नाही तर कुठल्या?"

"तसं नाही गं. मला म्हणायचंय, डबा मी करत जाईन."

त्याच्या डब्यातल्या पोळीला कोपरे असत, पण दोन वर्षं शनिवार-रविवार डबा चुकला नाही.

शेवटच्या सत्रात प्रबंध होता. खऱ्या इमारतीची कागदपत्रं घ्यायची आणि पहिल्या भेटीपासून ताबा देईपर्यंतची हकिगत लिहायची. कोण कुठे चुकलं, जबाबदारी कुणाची होती, तेही. वर्गातली मुलं मोठमोठे टॉवर निवडत होती. ताईंनी एकोणतीस वर्षांपूर्वीचं एक दुमजली वाचनालय निवडलं.

तेव्हाचं ऑफिस आठवलं की त्यांना आधी वास आठवे, शाईचा आणि अमोनियाच्या छपाईचा. सहा उंच टेबलं, सहा दिवे. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचं आणि चुकलं की दाढीच्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचं. ताईंचा हात त्यात असा बसला होता की खरवडल्याची खूणही उरत नसे. सर त्यांना 'ब्लेडवाली' म्हणत. मागे येऊन उभे राहत आणि एवढंच म्हणत, "रेघ बोलतेय. चालू दे." तेवढ्यावर सव्वीस वर्षांची ती मुलगी आठवडाभर हवेत असे.

वाचनालयाचा जिना तिनंच काढला होता. सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, वरचा स्लॅब दाखवला आणि त्याखाली उतरणारी बीम दाखवायची विसरली. सरांनी तपासून सही केली आणि काम उभं राहिलं. कंत्राटदार उंचापुरा गडी. नवव्या पायरीवर त्याचं डोकं बीमवर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून कपाळ वाचलं. पायरी ते बीम, अंतर साडेपाच फूट!

"साहेब," तो डोकं चोळत सरांना म्हणाला, "वाचनालयात फक्त बुटकेच येणार आहेत का?"

कुणी हसलं नाही. सरांच्या मागे उभ्या ताई पायऱ्या पुन्हा मोजत राहिल्या. वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी सरांना दुसऱ्या दिवशी मूळ नकाशा घेऊन बोलावलं. 'ज्या कुणी हे काढलं त्याला आधी घरी बसवा,' असा निरोपही आला.

सकाळी ताई लवकर ऑफिसात आल्या तर सर त्यांच्याच टेबलापाशी वाकले होते. हातात ब्लेड. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन असत, 'काढणार' आणि 'तपासणार'. पहिल्या चौकोनातली ताईंच्या नावाची दोन आद्याक्षरं सरांनी खरवडली होती आणि तिथे आपली लिहिली होती. त्यांचा हात काही ताईंसारखा नव्हता. कागद फाटायला आला होता.

"काही बोलू नकोस," सर म्हणाले. "जा, हात धू आणि कामाला लाग."

जिना पाडून पुन्हा बांधला गेला. उद्घाटन तीन महिने लांबलं. शेजारी मुलांचं वाचनालय व्हायचं होतं, ते काम समितीनं दुसऱ्याला दिलं. सरांनी त्यावर एक शब्द काढला नाही, आणि ताई मूग गिळून बसल्या, त्या एकोणतीस वर्षं.

हे सगळं लिहायचं म्हणजे सरांना विचारायला हवं. सर आता चौऱ्याऐंशीचे. नजर जवळजवळ गेलेली. सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, दार उघडलं आणि फोनवर सांगितल्याप्रमाणे कपाटावरून नकाशांची नळी काढून दिली. सर खिडकीपाशी खुर्चीत होते.

"कोण, ब्लेडवाली?" पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. "ऐकलं, कॉलेजात जातेस म्हणे. मास्तर बरे आहेत ना? की आपले उंटावरून शेळ्या हाकतात?"

"बऱ्या आहेत. सर, मी वाचनालयाचं लिहितेय. जिन्याचं."

सरांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. "मग?"

"खरं लिहू का? चूक माझी होती, आणि तुम्ही नाव बदललंत, ते?"

"चूक तुझी कशी? तू काढलंस, मी तपासलं. तपासणाऱ्यानं सही केली की चूक तपासणाऱ्याची. हे तुझ्या कोर्सात शिकवत नाहीत?"

"शिकवतात."

"मग झालं तर." ते हसले, मग हसू विरलं. "पण लिही. दुसरी चूक मात्र निव्वळ माझी आहे. ती लिही."

"कुठली?"

"नाव खरवडलं ती. अगं, त्या दिवशी मला वाटलं, पोरीवर पांघरूण घातलं. पण त्यानंतर तू कुठल्याच नकाशावर आपली अक्षरं घातली नाहीस. कोपरा मोकळा सोडायचीस, मीच भरायचो. बघत होतो मी. वाटायचं, उद्या बोलू. परवा बोलू. तू सहीच्या कोर्सचा फॉर्म दोनदा आणलास आणि दोनदा तसाच ठेवलास, तेही माहीत होतं मला."

ताईंच्या हातातली नळी जड झाली. मुलगी लहान होती, सासूबाई अंथरुणाला होत्या, हे खरंच होतं. पण फॉर्म दोन्ही वेळा त्यांनी मिटला होता तो नवव्या पायरीच्या भीतीनं. ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"सर, मी घाबरले होते."

"घाबरायलाच हवं. न घाबरता सही करतो तो धोक्याचा. मी तुला ते सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ब्लेड उचललं."

वहिनी चहा ठेवून गेल्या. ताईंनी सरांचा कप उचलून त्यांच्या हातात दिला.

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक होते. त्यांनी ट्रेसिंग दिव्यासमोर धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ होऊन उजेड जास्त येत होता. ताईंनी सगळं सांगितलं.

वयस्कर परीक्षकानं चष्मा काढला. "समजा, उद्या तुमच्या हाताखालच्या मुलीनं हीच चूक केली. समिती म्हणते, तिला घरी बसवा. काय कराल?"

"समितीला सांगीन, सही माझी आहे, काय बोलायचं ते मला बोला."

"आणि नकाशावरचं नाव?"

"ते तिथंच राहील. जिना पुन्हा काढायलाही तिलाच बसवीन. मी शेजारी बसेन."

परीक्षकानं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी नवरा म्हणाला, फ्रेम करू. ताई म्हणाल्या, थांब जरा. त्या तडक सरांकडे गेल्या. दोन महिन्यांत सर बरेच खालावले होते. आता ते पलंगावरच असत, बोलणं तुटक झालेलं. ताईंनी कागद त्यांच्या हातात दिला. सरांनी तो चाचपला, कोपऱ्यातला उठावाचा शिक्का बोटांना लागला.

"नाव कुठाय?"

ताईंनी त्यांचं बोट धरून नावाखाली ठेवलं.

"पूर्ण लिहिलंय?"

"पूर्ण."

"वाच."

ताईंनी आपलं नाव वाचलं. वर्गात हजेरी द्यावी तसं, जरा मोठ्यानं. सरांचं बोट अक्षरांखालून हळूहळू सरकत गेलं, नाव संपलं तरी थांबलं नाही आणि कागदाच्या कडेवरून चादरीवर उतरलं. ताईंनी ते उचललं आणि पुन्हा पहिल्या अक्षराखाली आणून ठेवलं.