पुजलेली औजारं

आमच्या घरात देव दोन. एक देव्हाऱ्यातले आणि दुसरी यांची औजारांची पेटी. देव्हाऱ्यातल्या देवांना निदान मी कधीमधी बोल लावू शकते. पेटीबद्दल चकार शब्द काढायची सोय नाही. नीळकंठराव आठल्ये, म्हणजे आमचे हे, आयुष्यभर भोपाळच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आमचा सगळा संसार झाला, आणि रिटायर झाल्यावर सोनागिरीत हे घर बांधलं. घरात पंखा बिघडो, मिक्सर बिघडो, शेजारणीची शिलाई मशीन बिघडो, बाहेरचा मिस्त्री आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. आपण कारखान्याची माणसं, आपल्याकडे जुगाड चालत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आता गाडीचं सांगते. गाडी माझ्या मुलीची, सुचेताची. जुनी पिकअप, तिसऱ्या हातातली, मागचा हौदा ठिकठिकाणी गंजलेला. सुचेता ग्वाल्हेरहून परत आली होती, कारण तिचा नवरा सुभाष तिच्यावर हात उचलायचा. लोकांना आम्ही काहीबाही सांगायचो, पण खरं कारण ते. इथे येऊन तिने रडत बसण्याऐवजी रोपांचा आणि फुलांचा धंदा काढला. स्वतःचं सोनं मोडून पिकअप घेतली, स्वतः चालवायला शिकली, रायसेन रोडच्या मळ्यांमधून माल आणायची आणि टाउनशिपच्या बंगल्यांत, देवळांत, मंडळात पोचवायची. बाई पिकअप चालवते म्हणून सुरुवातीला लोक टकाटका बघायचे. मग सवय झाली. सुचेता पहिल्यांदा घरात गुणगुणायला लागली तेव्हा मला वाटलं, चला, आता हिला परत जावं लागणार नाही. ती गाडी होती म्हणून जावं लागणार नव्हतं, एवढं सरळ होतं सगळं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी गाडीत एक खोड निघाली. स्टिअरिंगसमोर ब्रेकचा पिवळा दिवा मधूनमधून लागायचा. आणि गाडी अगदी सावकाश असली, की ब्रेकवर पाय दिल्यावर पायाखाली पेडल थरथरायचं आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकायची. यांनी लगेच निदान केलं. मागच्या चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाक किती जोरात फिरतंय ते मोजतो. तो खराब झाला, की त्याला वाटतं चाक अडकलं, आणि चाक घसरू नये म्हणून गाडी आपणच ब्रेक सोडून देते. म्हणजे थांबवायला बसवलेली वस्तूच थांबू देत नाही. मला हे ऐकून आमच्या घराचीच आठवण झाली.

सुचेता म्हणाली की अशोका गार्डनमध्ये नेते, तिथे गाड्यांची रांगेने दुकानं आहेत, तासाभरात काम होईल. यांना ते लागलं. आठल्यांच्या घरची गाडी मिस्त्रीकडे उभी राहणार? यांनी तो सेन्सर बाहेरून मागवला. मग तिने विचारलं की फोनवर बघितलंय, त्याचा फ्यूज नुसता उपटून ठेवला तर ब्रेक साधा चालतो, तोवर तसं करू का. यांनी मान्य केलं की चालतो. पण ते जुगाड झालं, ते माझ्या घरात नको, म्हणाले. नवऱ्याचं घर सोडून बापाच्या घरात राहणारी मुलगी किती वाद घालणार? तिला रोज वाटायचं की आपण इथे पाहुण्या आहोत, आणि ते तिला वाटू न देण्याइतकं शहाणपण यांच्यात नव्हतं.

सेन्सर आला अष्टमीला सकाळी. मी म्हटलं, देव पावला, बसवून टाका. हे म्हणाले की उद्या खंडेनवमी, आज औजारं स्वच्छ करायची असतात. आणि दिवसभर अंगणात चटई टाकून बसले. एकेक पान्हा रॉकेलने पुसला, तेलाचा हात दिला, फडक्यावर मापाप्रमाणे मांडून ठेवला. ज्या पान्ह्याने तो सेन्सर बसवायचा, तोच पान्हा हे चमकवत बसले होते आणि दहा पावलांवर गाडी उभी होती. मी दोनदा बोलले. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा यांनी अनंताची गोष्ट काढली. यांच्या सेक्शनच्या अनंताने एकदा खंडेनवमीला घाईचं काम म्हणून पुजलेला पान्हा उचलला, आणि त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून यांच्या सेक्शनमध्ये कुणी त्या दिवशी औजाराला हात लावला नाही. गोष्ट खरी आहे. अनंताचा तो हात मी पाहिला आहे. पण आमच्याकडे त्या दिवशी अजून अष्टमीच होती, नवमी नव्हे, हे यांना कुणी सांगायचं? शेवटी ठरलं असं, की दसऱ्याला सकाळी, साडेतीन मुहूर्तांतल्या एका मुहूर्तावर, हे सेन्सर बसवणार.

नवमीला सकाळी पूजा झाली. पाटावर औजारं, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची दोन पानं. गाडीच्याही बॉनेटवर स्वस्तिक काढलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला. यांचे जुने मित्र गोविंदराव शेवडे दरवर्षीप्रमाणे प्रसादाला आले. तेही त्याच सेक्शनचे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे. औजारं बघून म्हणाले, नीळकंठा, अशी पेटी आता अख्ख्या भोपाळात सापडायची नाही. आमचे हे फुगून बसले.

आणि दसऱ्याचा झेंडू आणायला सुचेताला त्याच दुपारी जाणं भाग होतं. दसऱ्याचं फूल दसऱ्यानंतर कोण घेणार? मी यांना म्हटलं, औजाराला हात लावायचा नाही तर गाडीला कसा चालतो? तिचीही पूजा केलीत ना? हे म्हणाले की गाडी वाहन आहे, औजार नाही. सावकाश जा, एवढं सांगून आत झोपायला गेले. सावकाश जा! गाडी सावकाश असली की ब्रेक सुटतो हे यांनीच सांगितलं होतं.

संध्याकाळी सोनागिरीच्या चौकात फुलांच्या, उसाच्या, मूर्तींच्या गाड्या लागल्या होत्या, माणसाला माणूस लागत होतं. सुचेता हौदाभर झेंडू घेऊन मुंगीच्या पावलांनी येत होती. समोर माणसं आडवी आली, तिने ब्रेक दाबला, पेडल थरथरलं आणि गाडी पुढे सरकत गेली. विजेच्या खांबापाशी गोविंदराव उभे होते, हातात तोरणाची फुलं घेऊन. गाडीने त्यांना खांबावर दाबलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. गोविंदरावांनी पोलिसात तक्रार केली नाही. घरचाच मामला आहे, म्हणाले. सगळ्या टाउनशिपने त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं आणि सुचेताला नावं ठेवली. बाई घाबरली, ब्रेकच्या जागी दुसरंच दाबलं, बायकांनी अशा गाड्या चालवू नयेत. मंडळात, दळणाला, देवळात, जिथे जावं तिथे हेच. मी वाट बघत होते की हे आता बोलतील. एक वाक्य लागत होतं फक्त, की ब्रेकचा सेन्सर खराब होता आणि तो मी बसवला नाही. हे बोलले, पण भलतंच. कुणीतरी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, ब्रेक ठीक होता, गाडी मीच बघतो.

मी रात्रंदिवस भांडले. यांनी आधी केसची भीती घातली. केस झालीच नाही तेव्हा मूग गिळून बसले. आणि सुचेतापाशी तर वेगळंच सांगितलं. सेन्सर एवढं करत नाही, बाळ, तू गोंधळलीस. माझ्या पोरीचा तिच्या बापाच्या विद्येवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. ती बाजेवर बसून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली,

“आई, बाबा म्हणतात ब्रेक ठीक होता. म्हणजे माझाच पाय चुकला असणार.”

तू पेडल थरथरलेलं सांगितलं होतंस, मी म्हटलं. ती म्हणाली, भीतीने माझाच पाय थरथरत असेल. तिच्याकडून रोपं घेणं लोकांनी बंद केलं होतं, आणि कुणी घेतली असती तरी ती आता स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हती. दिवाळी झाली आणि सुभाष न्यायला आला. ती गेली. मी आडवी पडले असते, पण तिनेच बॅग भरली होती.

त्यानंतर आठवड्याभरात गाडीला गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक यायच्या आधी हे सकाळी उठले, पेटी उघडली, गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि सेन्सर बदलला. मुहूर्त नाही, पूजा नाही, साधा मंगळवार. मी चहा ठेवला तेव्हा सुरुवात केली, आणि दुसऱ्या चहाला हात धुऊन आत आले. एवढंच काम होतं. जुना सेन्सर यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी तो काढून, पुसून, माझ्या साडीच्या घडीत ठेवला. कशासाठी ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पुन्हा चटई, रॉकेल, फडकं, मापाप्रमाणे मांडणी. गोविंदरावही आले, वॉकर घेऊन, जयपूरचा पाय लावून. मी त्यांना खुर्ची दिली. पाटावरच्या पान्ह्यांच्या रांगेत, शेवटी, मी तो जुना सेन्सर ठेवला होता. यांनी चष्मा लावला नव्हता. हळद लावत, कुंकू लावत एकेकावरून हात नेत गेले, आणि सवयीने त्यालाही कुंकू लावलं. मग हात थांबला.

गोविंदराव वाकून बघायला लागले. हे काय नवीन, वहिनी, म्हणाले.

“सुचेताच्या गाडीतला सेन्सर आहे, भाऊजी. तुमचा पाय गेला तेव्हा चाकात हाच होता. ब्रेक ठीक होता तर यांनी तो बदलला कशाला, ते विचारा तुमच्या मित्राला.”

यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता गोविंदराव उठतील, यांची गचांडी धरतील, निदान ओरडतील. पाय गेला होता माणसाचा. ते खुर्चीत नीट सावरून बसले आणि मला समजावायच्या सुरात म्हणाले,

“मला माहीत आहे, वहिनी. नीळकंठाने हॉस्पिटलातच पाय धरले माझे. मीच म्हटलं, बोलू नकोस. आपल्या सेक्शनचं नाव जाईल. मुलीचं काय, तिला सासर आहे. याला इथेच राहायचंय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या दोघांनी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून माझी पोरगी वाटून टाकली होती. एकाने पाय दिला, एकाने पोर दिली, आणि सेक्शनचं नाव शिल्लक राहिलं. कुठलं सेक्शन? तिथे आता यांना गेटवर ओळखत तरी कोण असेल?

मी तिथेच, दोघांच्या समोर, सुचेताला फोन लावला. सुभाषने उचलला. ती स्वयंपाकघरात आहे, काय ते मला सांगा, मी निरोप देतो, म्हणाला. मी म्हटलं, निरोप एवढाच, की तिचा पाय चुकला नव्हता. तो म्हणाला, कसला पाय? मग बरं म्हणाला आणि ठेवला. तो सांगणार नाही हे मला कळलं. मी आत गेले, दोन साड्या पिशवीत टाकल्या, बाहेर येऊन पाटाशी वाकले.

“मंदा, ठेव ते,” हे म्हणाले. “पूजा झालीय. आज हात लावायचा नाही.”

मी तो सेन्सर कुंकवासकट उचलला, पिशवीत टाकला, आणि ग्वाल्हेरच्या गाडीसाठी स्टेशनला जायला रिक्षा बघायला बाहेर पडले.