खालच्या कप्प्यातला खोका

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी माझ्या खालच्या कप्प्यात आग लागली. पाच वाजून एकोणपन्नास मिनिटांनी ती विझली. कोणालाही इजा झाली नाही. एक पिझ्झा आणि त्याचा पुठ्ठ्याचा खोका जळून गेला, छतावर दोन हात रुंदीचा काळा डाग पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बातमी पसरली ती अशी : चर्चचा जुना ओव्हन पेटला.

मित्रांनो, ही बातमी खोटी आहे. मी पेटलो नाही. माझ्या पोटात जे कोंबले होते, ते पेटले.

मी एक जुना ओव्हन आहे. दोन कप्प्यांचा, गॅसवर चालणारा, सहा माणसांनाही न उचलवणारा. विस्कॉन्सिनमधल्या नॉर्बी गावाच्या चर्चच्या तळघरात मी एकोणपन्नास वर्षे उभा आहे. त्याआधी मी गावच्या शाळेत होतो. शाळा बंद पडली तेव्हा मला भंगारात द्यायचे ठरले होते. अर्लिस ट्वेटेन नावाची तीस वर्षांची बाई तेव्हा शाळेच्या आवारात येऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "याची आच सरळ आहे. याला हात लावाल तर बघा." मी इथे आलो तो तिच्यामुळे. आज ती एकोणऐंशी वर्षांची आहे.

दर बुधवारी गावातली मुले शाळा सुटल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गाला इथे येतात. त्यांना जेवण लागते. आधी सूप आणि पाव असे. मग अर्लिसने पिझ्झा सुरू केला. मंगळवारी ती आणि लव्हॉन, म्हणजे तिची शेजारीण, कणीक मळतात. बुधवारी त्या पोळ्या लाटून, वर टोमॅटोचा रस्सा, चीज आणि सॉसेज घालून कच्चेच पिझ्झे कागदी ताटांत ठेवतात. काही मी भाजतो. बाकीचे आईबाप वर्ग सुटल्यावर मुलांबरोबर घरी नेतात आणि तिथे भाजतात. गावात त्याला 'बुधवारचा कच्चा' म्हणतात. अर्धे काम हात करतात, अर्धे आग करते. घरी नेलेल्याचे श्रेय घरच्या ओव्हनला मिळते, याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

या हिवाळ्यात चर्चच्या पंच मंडळात कर्ट बेंकी आला. बावन्न वर्षांचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा विक्रेता. बारा वर्षांचा असताना हाच कर्ट माझ्या समोरच्या टेबलावर बसून पाच-पाच तुकडे खात असे. त्याने मांडले की एवढा जुना ओव्हन धोक्याचा आहे. बुधवारी शहरातून गरम पिझ्झा मागवावा, नाहीतर गोठवलेला आणून विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये गरम करावा. स्वयंपाकघराची जागा खुर्च्या ठेवायला होईल.

"आणि मी कुठे जाऊ? खुर्च्यांबरोबर घडी होऊन भिंतीला लागू?" अर्लिसने विचारले.

"मिसेस ट्वेटेन, तुम्ही आता आराम करा."

"आराम मी मेल्यावर भरपूर करणार आहे. जागाही घेऊन ठेवलीय, टेकडीवर."

लव्हॉन म्हणाली, "तिन्ही ठेवा ना समोरासमोर. ताटांवर फक्त आकडे टाका. ज्याची जीभ खरी असेल त्याला कळेल."

असे ठरले. बुधवारी सहा वाजता परीक्षा. एक मागवलेला, एक गोठवलेला, एक अर्लिसचा कच्चा, मी भाजलेला.

मित्रांनो, या तिघांना मी आतून ओळखतो, म्हणून सांगतो. गोठवलेला पिझ्झा दगडासारखा येतो. तो आत ठेवला की माझी आच एकदम पडते, आणि ती परत चढेपर्यंत त्याची कड वाळते, मधला भाग ओलाच राहतो. तरी मी त्याला वाईट म्हणणार नाही. जानेवारीत तीन दिवस रस्ते बंद असतात तेव्हा एकट्या माणसाला तोच जेवू घालतो. मागवलेला पिझ्झा दुकानातून निघतो तेव्हा चांगला असतो. पण शहर इथून अठरा मैलांवर आहे. अठरा मैल तो बंद खोक्यात स्वतःच्याच वाफेत बसतो, आणि पोहोचतो तेव्हा त्याचा तळ ओल्या मोज्यासारखा झालेला असतो. कच्च्याला त्याच दिवशी आच द्यावी लागते, आणि कोणीतरी समोर उभे राहून त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. एवढाच त्याचा दोष. ज्यांना उभे राहायचे नसते त्यांना तो दोष फार मोठा वाटतो.

आता त्या संध्याकाळचा हिशेब मिनिटांनी देतो, कारण दुसरे कोणी देणार नाही.

पाच वाजून अठरा मिनिटे. दुकानाची गाडी खोका देऊन गेली, तेव्हा दारात कर्टशिवाय कोणी नव्हते. परीक्षेला अजून वेळ होता. कर्ट खोका घेऊन एकटाच तळघरात आला. आपला पिझ्झा गार होईल, ही त्याची चिंता. इकडच्या घरांत एक सवय आहे. मागवलेला पिझ्झा खोक्यासकट ओव्हनमध्ये ढकलायचा आणि आच अगदी मंद ठेवायची. ओव्हन म्हणजे यांना गोधडी वाटते. कर्टने तेच केले. खालचा कप्पा उघडला, खोका आत सरकवला, नॉब सर्वांत खालच्या खुणेवर आणला. त्याआधी खोक्यावर चिकटवलेली दुकानाची चिठ्ठी मात्र त्याने जपून काढली. कागद पेटेल म्हणून! कागद काढला आणि पुठ्ठा आत ठेवला. चिठ्ठी माझ्या डोक्यावरच्या फळीवर मिठाच्या डब्याखाली खोचली आणि तो वर खुर्च्या मांडायला निघून गेला.

या स्वयंपाकघरात एकच नियम आहे आणि तो माझ्या एकोणपन्नास वर्षांत मोडला नव्हता. आत काही असेल तर त्या कप्प्याच्या मुठीला लाल चौकड्यांचे फडके बांधायचे. माझ्या दारांना काच नाही. फडके हीच काच. बारा वर्षांच्या मुलांनासुद्धा हे ठाऊक असते. कर्टला ते एकेकाळी ठाऊक होते.

पाच सव्वीस. अर्लिस आली. मूठ पाहिली. फडके नव्हते. नॉब मंद खुणेवर दिसला तेव्हा ती म्हणाली, "लव्हॉनने आधीच लावून ठेवलाय वाटतं," आणि दोन्ही नॉब चारशे पंचवीस अंशांवर, म्हणजे पिझ्झ्याच्या आचेवर नेले. मग पाठ फिरवून चीज पसरू लागली.

मी काय करू शकत होतो? मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याने उघडावे लागते.

पाच बेचाळीस. धूर. अर्लिसने एका हाताने गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने माझ्या दाराला रेटा देऊन ती उभी राहिली. बरोबर तेच करायचे असते. दार बंद राहिले तर आग आतल्या आत गुदमरते. तेवढ्यात कर्ट जिना उतरून धावत आला.

"उघडू नकोस!" ती ओरडली. "कर्ट, दार उघडू नकोस!"

त्याने तिला बाजूला सारून दार उघडले. ज्वाळा छताला लागली. तो डाग माझा नाही, त्याचा आहे.

अर्लिसने दार पुन्हा लोटून धरले, पाच एकोणपन्नासला आग विझली. मग गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख जीन आला. त्याने माझ्या गॅसच्या नळीला लाल पट्टी बांधली, म्हणजे तो सांगेपर्यंत मला पेटवायचे नाही. मग विचारले, "खोका आत कोणी ठेवला?"

कर्ट आपल्या बुटांकडे बघत होता.

"नॉब मी फिरवला," अर्लिस म्हणाली.

"ते ठीक. पण खोका?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग स्वतःच्या हातांकडे पाहिले. "मला आठवत नाही, जीन. पण खाली मीच होते. म्हणजे मीच ठेवला असेन."

कर्टने ते तसेच राहू दिले. लव्हॉनला काही माहीत नव्हते, तरी तिने सुनावलेच, "तिघांतला एकच पिझ्झा आज भाजला गेला, कर्ट, आणि तो तुझा. खा आता." तेव्हा तो हसला. त्याला हसू आले, हे मी विसरणार नाही.

गुरुवारी अर्लिस एकटी आली. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. उठून दारापाशी गेली, हातात खोका असल्यासारखे हात धरून माझ्यापर्यंत चालत आली, वाकली, थांबली. पुन्हा दारापाशी गेली. असे तिने चार वेळा केले. मग फडक्यांचा खण उघडून म्हणाली, "फडकं कसं नाही बांधलं मी?"

मित्रांनो, मला जळण्याचे दुःख नाही. जळणे माझे काम आहे. पण तिची थोरली बहीण अशीच विसरू लागली होती. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसे. अर्लिसने ते नऊ वर्षे पाहिले. शुक्रवारी लव्हॉन छत घासायला आली तेव्हा अर्लिस तिला म्हणाली, "गाडी चालवणं सोडतेय मी."

"वेडी आहेस का गं? अकरा मैलांवर राहतेस. चालत येणार की काय?"

"जी बाई आगीत खोका ठेवून विसरते, ती रस्त्यावर काय विसरेल? सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. रविवारी पंचांची बैठक आहे, त्याआधी या स्वयंपाकघराची किल्ली देऊन टाकते."

"एका खोक्यासाठी?"

"माझ्या डोक्यासाठी, लव्हॉन."

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, हे मी ऐकले होते. संन्याशाने स्वतःच सुळीवर चढावे आणि चोराने शिडी धरून उभे राहावे, हे मी या आठवड्यात पाहिले. तिचे डोके शाबूत आहे. ती काही विसरली नाही, कारण विसरण्यासारखे तिने काही केलेच नाही. हे या गावात दोघांनाच ठाऊक आहे. एकाला वाचा नाही, दुसऱ्याने ती गिळली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी ओव्हन असो की चूल, पेटवण्याआधी आत बघा. आत काही ठेवलेत तर बाहेर खूण ठेवा. आणि घरात काही जळाले की सर्वांत जुन्याकडे बोट दाखवू नका, मग ते जुने यंत्र असो वा जुने माणूस. आमच्यावर दोष पटकन चिकटतो. आम्ही तो झटकत नाही, एवढेच.

आज शनिवार. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी कर्ट तळघरात एकटा आला. त्याने दिवा लावला नाही. खिडकीखालची फळी चाचपली, फ्रिजच्या वर पाहिले, मग माझ्यापुढे आला. माझ्या डोक्यावरचे डबे एकेक उचलले. पीठ. साखर. ओव्याची सुकी पाने. मीठ.

चिठ्ठी तिथेच होती. धुराने पिवळी झालेली, पण अक्षरे स्वच्छ. कर्ट बेंकी. एक मोठा, सॉसेज. खाली दुकानाची वेळ. आणि त्याच्याच हाताने पेनने लिहिलेले : 'खालच्या कप्प्यात गरम ठेवलाय.' म्हणजे त्या दिवशी सांगायचे त्याच्या मनात होते. खूण त्याने ठेवली होती, ती डब्याखाली.

तो ते वाचत उभा होता तेव्हा वर दार वाजले. पावले मला ओळखीची. जिन्याला तेरा पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यामुळे ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. तिच्या हातात किल्ल्यांचा आवाज होता.

"खाली कोण आहे?" अर्लिसने विचारले.

"मी आहे. कर्ट."

"बरं झालं. तुलाच किल्ली द्यायची होती."

आता तीन वाजून सव्वीस मिनिटे झाली आहेत. लाल पट्टी माझ्या नळीला आहे. चिठ्ठी त्याच्या मुठीत आहे, मूठ अजून खिशात गेलेली नाही. अर्लिसच्या सहा पायऱ्या उरल्या आहेत.