मल्लप्पाची दोन कार्डं

यंत्र तिसऱ्यांदा त्याच कार्डावर अडलं, तेव्हा शिवपुत्रनं ते कार्ड काढून पाहिलं. कार्डावरचा तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा गिरणीतला नंबर, त्याच्या थोरल्या भावाचा, मल्लप्पाचा होता.

गिरणीच्या कचेरीत ही यंत्रं नुकतीच आली होती. कामगारांची हजेरी आता भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरायची आणि आजारपणाच्या रजेची कार्डं वेगळी असायची. दोन्ही गठ्ठे लावले की यंत्र नंबर ताडून बघायचं. एकच माणूस एकाच दिवशी दोन्हीकडे सापडला की ते खाडकन थांबायचं. जुन्या कारकुनांनी हे दोन हिशेब कधी एकमेकांशेजारी ठेवलेच नव्हते, त्यामुळे पुष्कळ गोष्टी गुण्यागोविंदानं खपून जात. या लोखंडी जावयाला मात्र नातंगोतं काही कळत नव्हतं.

मल्लप्पा क्षयाच्या दवाखान्यात पडून होता. गिरणीतल्या त्याच्या विणकामाच्या मागावर त्याचा मेहुणा चनबसप्पा उभा राहत होता, मल्लप्पाच्याच तिकिटावर. घरचं माणूस आजारी पडलं की घरच्यानंच माग धरायचा. नाहीतर माग दुसऱ्याला जातो आणि बरा होऊन आलेला माणूस फाटकाबाहेर रोजच्या बदली कामगारांच्या रांगेत उभा राहतो. खात्यातल्या मुकादमालाही हे ठाऊक होतं, पण सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी.

"तूस अडकलं असेल," शिवपुत्र म्हणाला. झाकण उघडून त्यानं आतले ब्रश पुसले, चिमूटभर कापूस काढला, गठ्ठे ठोकून सारखे केले. आपण उगाच वेळ काढतोय हे त्याचं त्याला कळत होतं. यंत्र पुन्हा तिथंच थांबलं.

कचेरीचे मुख्य महादेवप्पासाहेब त्याच्या पाठीमागंच उभे होते. "दुपारी मालकांपुढं तक्ता ठेवायचाय. यंत्र बिघडलंय का?"

"यंत्र ठीक आहे, साहेब."

"मग कार्ड चुकीचं पाडलंय. वच्छलाबाई, इकडं या."

कार्डांना भोकं पाडायचं काम वच्छलाचं. तिनं दोन्ही कार्डं मूळ कागदांशी ताडून पाहिली. "मी बरोबर पाडलीत साहेब. कागदावर होतं तेच आहे."

"माणूस खाटेवर आणि मागावर एकदम कसा असेल? चूक ती चूक, वर उलट उत्तर. उद्यापासून येऊ नका." मग ते शिवपुत्रकडं वळले. "यातलं खोटं कार्ड फाडून टाक आणि यंत्र सुरू कर."

शिवपुत्रनं दोन्ही कार्डं हातात घेतली. हजेरीचं फाडलं तर मल्लप्पाचा माग जाणार. रजेचं फाडलं तर त्या रजेवरच मिळालेली दवाखान्यातली खाट जाणार. तरी त्यातल्या त्यात खाट बरी, असं मनाशी म्हणून त्यानं हजेरीचं कार्ड वर धरलं. माग गेला तर गेला, निदान चोरी तरी झाकली जाईल आणि चनबसप्पावर बालंट येणार नाही. शिवपुत्रला स्वतःची लाज वाटली, पण बोटं कार्डाच्या कडेवर घट्ट होती.

वच्छला रडत नव्हती. तिनं आपल्या यंत्रावर कापड घातलं, कडा सारख्या केल्या आणि डबा पिशवीत ठेवला. निघताना तिनं शिवपुत्रकडं पाहिलं. मल्लप्पा त्याचा भाऊ हे तिला ठाऊक होतं; तिला सगळं कळलं होतं. हा काहीतरी बोलेल, एवढ्यासाठीच ती दारात थांबली होती.

"दोन्ही खरी आहेत, साहेब," शिवपुत्र म्हणाला. "खाटेवर माझा भाऊ आहे आणि मागावर त्याचा मेहुणा."

महादेवप्पासाहेबांनी दोन्ही कार्डं त्याच्या हातातून काढून घेतली. "बाई, बसा कामाला," ते म्हणाले आणि त्यांनी मागखात्याला फोन लावला.

शिवपुत्रला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. तक्ता वेळेवर निघाला, मालक खूश झाले. जेवणाच्या सुट्टीनंतर चनबसप्पा फाटकाबाहेर होता आणि मल्लप्पाच्या मागावर दुसराच कुणी उभा होता.

संध्याकाळी शिवपुत्र डबा घेऊन दवाखान्यात गेला. वाटेत त्यानं सांगायचं वाक्य मनात कितीदा तरी जुळवलं होतं. मल्लप्पा उशीला टेकून बसला होता. गालफडं बसली होती, पण डोळे दाराकडंच होते.

"चनबसप्पा जातोय न्हवं कामाला? माग बरा हाय की?"

साहेबापुढं खरं बोललेला माणूस डब्याच्या झाकणाशी झटत राहिला.

"व्हय अण्णा. जातोय की. तू जेव."

मल्लप्पानं त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.