सात म्हणजे सात

“सर, तुमचं भाषण दहाला होतं, तुम्ही आलात पावणेबाराला. मग हा उशीर तुमच्या ब्रँडमध्ये धरायचा की वेगळा?”

प्रश्न खरं तर दामरिसचा नव्हताच. युलेसी आणि ब्रिहित या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला मागून डिवचलं होतं, हिंमत असेल तर विचार म्हणून. आणि दामरिसला असं कुणी म्हणायचाच अवकाश. पेरू देशातल्या चिक्लायोच्या शाळेच्या पटांगणात चारशे पोरं पावणेदोन तास उन्हात भाजत बसली होती, आणि लिमाहून आलेले पाहुणे ‘तुम्ही रोज जसे वागता, तोच तुमचा ब्रँड’ असं फळ्यावर लिहून नुकते कुठे वळले होते.

पाहुणे हसले. माणूस बेरकी होता. “आणि तू गं, शाळेत रोज किती वाजता पोचतेस?”

तिला उत्तर द्यावंच लागलं नाही. चारशे तोंडांनी एका सुरात ते दिलं, “दुसऱ्या तासाला.” गेटवरच्या शिपायानंही त्यात आपला आवाज मिसळला.

दामरिसचे कान तापले. पण गपगुमान खाली बसेल तर ती दामरिस कसली. “उद्यापासून पहिल्या घंटेला,” ती म्हणाली. “आणि नुसतं शाळेत नाही. जी वेळ सांगेन ती पाळेन.”

“दोन दिवस टिकलीस तरी खूप,” युलेसी पुटपुटली.

टिकली की. मावसबहिणीच्या वाढदिवसाला चारचं बोलावणं होतं, तर ही चारला दारात. मावशीच्या डोक्यावर रोलर, हातात अर्धवट सोललेलं बदक. “अगं बाई, काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही. तुम्हीच चारला बोलावलंत.”

“चारला बोलावलं म्हणून कुणी चारला येतं होय? आता आलीच आहेस तर कांदे चीर.”

भाताला लागणारे सगळे कांदे दामरिसनं चिरले, डोळे पुसत, आणि तरीही मजेत.

मग तिच्या स्वतःच्या पंधराव्या वाढदिवसाच्या वॉल्ट्झ नाचाच्या तालमी सुरू झाल्या; तिकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा थाटात होतो. दर शनिवारी चारला. पहिल्या शनिवारी चारला ती एकटीच होती. तिनं गाणं लावलं आणि पावलं मोजायला लागली. शेजारीण भिंतीवरून बघून पोट धरून हसली. पुढच्या शनिवारी तिघं आली. पाचव्या शनिवारी सगळीच, ब्रिहित तर एक बूट हातात घेऊन धावत. “दामरिसचे चार म्हणजे चार, ती थांबत नाही,” असं गल्लीत लोक बोलायला लागले, आणि नव्या झग्यानंही झाला नव्हता इतका आनंद तिला त्या वाक्यानं झाला.

आणि मग छापखान्यातून कार्डं आली. तिच्या बाबांनी, शिंप्याच्या सवयीनं दोरा दातानं तोडून, गठ्ठा सोडला. वर तिचं नाव, खाली ‘सायंकाळी सात’.

“सात लिहिलं की लोक नऊला येतात,” बाबा खूश होऊन म्हणाले. “विल्मेर दहाला येईल. साडेदहाला वॉल्ट्झ.”

“बाबा, माझी सगळी मंडळी सातलाच येतील. कार्डावर नाव माझं आहे.”

“नाव तुझं असलं तरी कार्ड तुझ्या बापाचं आहे.”

विल्मेरकाका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि तिच्या बाप्तिस्म्यातले धर्मपिता. केकचा खर्च त्यांचा, बँडचा त्यांचा, आणि बापानंतरचा दुसरा नाचही त्यांचाच. दामरिस दुसऱ्या दिवशी सरळ त्यांच्या बसच्या गॅरेजात गेली.

“काका, सातला याल?”

ते रागावले नाहीत, तेच वाईट. “पोरी, मी सातला आलो तर लोक म्हणतील, विल्मेर उपाशी होता. मानाचा माणूस शेवटी येतो. आणि माझ्याआधी नाच सुरू झाला, तर मी दारातूनच मागे फिरेन. मग तुझ्या बापाची नि माझी इतक्या वर्षांची दोस्तीही दारातच राहील, हे ध्यानात ठेव.”

घरापर्यंतचा रस्ता तिला कधी नव्हे इतका लांब वाटला. बाबा विल्मेरकाकांशिवाय एक रविवार काढू शकत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण कार्ड दाखवल्याबरोबर ब्रिहित म्हणाली होती, “तुझं आहे ना, मग मी पावणेसातलाच येते.” हेही तिला विसरता येईना.

आई-बाबा टेबलाशी बसून पाकिटांवर नावं लिहीत होते. ती बसली नाही.

“मी ठरवलंय. वॉल्ट्झ सातला सुरू होईल. काकांना मी सातला बोलावून आलेय. ते म्हणाले, माझ्याआधी नाच सुरू झाला तर दारातून परत जाईन. गेले तर दोष माझा, तुम्ही त्यांना खुशाल तसं सांगा. हवं तर मी रोज त्यांच्या गॅरेजात जाऊन माफी मागेन. पण माझ्या नावाखाली खोटी वेळ छापून माझी माणसं तीन-तीन तास ताटकळणार नाहीत. पहिला नाच बापाबरोबर असतो. बाबा, तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर. तुम्ही काकांसाठी थांबलात, तर आईबरोबर. आणि आईही तुमच्यासाठी थांबली, तर मी एकटी नाचेन, पण सातवर एक मिनिट होऊ देणार नाही.”