सेफाकोरचं हसू

सेफाकोर फ्रेंच शिकायला सीमेपलीकडच्या घानामधून टोगोतल्या आमच्या लोमे शहरात आली आणि आमच्या अंगणातली एक खोली तिने वर्षभरासाठी घेतली. तिची मायबोली आमचीच, एवे. पण मी पडलो जन्माचा मास्तर. पहिल्याच दिवशी तिला म्हणालो, “पोरी, इथे एवे बोलत बसलीस तर फ्रेंच यायची नाही. तुला एवे येतं हे कुणाला कळूच देऊ नकोस.”

तिने ऐकलं. अंगणातल्या नळावर बायका एवेत गप्पा मारत, ती मान खाली घालून कपडे धुवी. “घुमी आहे मेली,” शेजारची अफिवा तिच्यासमोरच म्हणे. तीन महिने पोरगी खोलीत एकटी जेवली.

एका सकाळी अफिवा म्हणाली, “माझा नवरा इतका आळशी, कोंबडीला सांगतो, अंडं थेट ताटातच घाल!”

सेफाकोर खळखळून हसली.

नळावरच्या सगळ्या तिच्याकडे वळल्या. “म्हणजे तुला सगळं कळत होतं तर?” अफिवाने विचारलं.

“मावशी, रागावू नका,” सेफाकोर एवेत म्हणाली. “मला तुमच्यात बसायचंय.”

“अगं, मीच सांगितलं होतं तिला,” मी ओट्यावरून म्हणालो.

“तुम्ही गप्प बसा, मास्तर,” अफिवा म्हणाली. “आमच्या घराघरातलं ऐकलंय तिने.”

तेव्हापासून बायका तिच्याशी बोलतात, पण फक्त फ्रेंचमध्ये, पाहुणीशी बोलावं तसं जपून. तिचं फ्रेंच आता छान झालंय. संध्याकाळी मी एवेत विचारतो, “जेवलीस का गं?” ती फ्रेंचमध्ये उत्तर देते.