काँटेसाचे लायनर

गाडी विकायचं श्रेयांसनं ठरवलं तेव्हा मला विचारलं नाही. दिव्यानं ती दुरुस्तीला काढली तेव्हाही विचारलं नाही. दोघांनाही वाटतं, म्हातारीचे कान गेलेत. कान चांगले शाबूत आहेत. गोदामात कोण कुणाला काय म्हणालं ते मला स्वयंपाकघरात बसून कळतं.

श्रेयांस माझा मुलगा, निपाणीतला आमचा तंबाखूचा धंदा बघतो. दिव्या त्याची मुलगी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इंजिनियर आहे, शनिवारी-रविवारी घरी येते. आणि गाडी म्हणजे आमच्या मालकांची, माझ्या नवऱ्याची, काँटेसा. काळी, लांबलचक, तोंड एवढं रुंद की समोरून आली की सायकलवाला आपोआप गटारात उतरायचा. रायगोंडा मगदुमांची गाडी म्हटलं की चिकोडीपर्यंत ओळख होती. मालक गेले आणि ती गोदामाच्या मागच्या खणात जाऊन बसली. पोरीनं वर्षभर रविवार घालवून तिचं इंजिन चालू केलं.

मग एक दिवस भांडण माझ्यापुढं आलं.

"आक्का, कोल्हापूरचं गिऱ्हाईक आलंय," श्रेयांस म्हणाला. "लग्नाला, सिनेमाला जुन्या गाड्या भाड्यानं देतोय. असलं गिऱ्हाईक परत यायचं न्हाय. नुसती गंजत पडलीया ती."

"पडली व्हती, पप्पा. आता चालतीया. ब्रेक तेवढे ऱ्हायलेत," दिव्या म्हणाली.

"चालतीया म्हंजे काय? म्हस पन चालतीया. थांबाय नको?"

दोघांचे आवाज चढले. मी पोळपाट बाजूला सारला.

"ऐका," म्हटलं. "येत्या रविवारी दिव्यानं मला गाडीत बसवून तवंदीचा घाट चढायचा आनि उतरून घरला यायचं. उतरताना मी जिथं थांब म्हणीन तिथं गाडी थांबली पायजे. थांबली तर गाडी दिव्याची. न्हायतर कोल्हापूरची. मागनं कुणी रडायचं न्हाय."

माझा शब्द या घरात कुणी मोडत नाही. मीसुद्धा नाही.

दिव्या शुक्रवारी रात्रीच घरी आली आणि शनिवारी सकाळी मी तिच्याबरोबर बेळगावला गेले. पोरगी सामान काय निवडते ते बघायचं होतं. गाड्यांच्या सामानाचा दुकानदार ओळखीचा. "बर्री आक्का, कूडरी," म्हणत त्यानं स्टूल पुसून दिलं आणि काचेच्या कपाटातनं एक लालभडक वस्तू काढून दिव्यापुढं ठेवली.

"डिस्क ब्रेक घाला मॅडम. पूर्ण सेट हाय. जुने ड्रम कोण ठेवतंय आता?"

वस्तू देखणी होती. मला लाल रंग आवडला. पण दिव्यानं हातसुद्धा लावला नाही.

"हे बसवायचं तर हब बदला, त्यासाठी चाक बदला, शेवटी आजोबांची गाडी कुठली ऱ्हायली? ड्रम मी लेथवर धरून बघितलेत. चांगले गोल हायत. मला शू द्या नवे लायनर लावलेले, आनि व्हील सिलिंडरचे रबर."

शू म्हणजे अर्ध्या चंद्रासारखी लोखंडी पट्टी. तिच्या पाठीवर तपकिरी लायनर चिकटवलेलं असतं. ब्रेक दाबला की ती ड्रमला आतून घासते आणि चाक धरते. एवढं मला दिव्यानं बसमध्येच समजावलं होतं, शेजारच्या बाईची पिशवी ड्रम करून. दुकानदारानं दोन जोड पुढं ठेवले.

"हे कडक, लई दिवस टिकतंय. हे मऊ, लौकर झिजतंय, पन पकड चांगली."

"टिकणारं घे," मी म्हटलं.

"मला धरणारं पायजे आज्जी. झिजलं तर बदलता येतंय."

"आमच्या वेळेला टिकणारं बघून घेत व्हते."

"म्हणून तर आजोबा टिकले तुझ्यापुढं."

दुकानदार तोंड फिरवून हसला. मी दोघांकडे असं बघितलं की त्यानं गुपचूप मऊ लायनरची बांधाबांध केली.

घरी आल्यावर दिव्या ब्रेक ऑइल आणायला गेली आणि सामान माझ्या ताब्यात आलं. आमच्या घरात लोखंडाचं काहीही नवं आलं की आधी पद्मावतीच्या फोटोपुढं ठेवायचं, हळदकुंकू लावायचं आणि वर तेलाचं बोट. विळी असो, नांगराचा फाळ असो, श्रेयांसची पहिली मोटारसायकल असो. कोरडं लोखंड वापरायला काढायचं नाही. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिच्या सासूनं तिला. मी सगळे शू पाटावर मांडले. लायनरची पाठ कशी खडखडीत, खरबरीत. म्हणून घाण्यावरचं शेंगतेल जरा सढळ हातानंच लावलं. तेल बघता बघता मुरलं. मला बरं वाटलं.

संध्याकाळी मष्णू मिस्त्री आला. गॅरेजवाला, आमच्या ट्रॅक्टरचं काम त्याच्याचकडे. त्यानं शू उचलले, कुंकू बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आक्का, हे..."

"काय हे?"

"काय न्हाय," म्हणाला आणि खांद्यावरच्या फडक्यानं पुसून बसवायला घेतले. त्याच्या स्वतःच्या गॅरेजात पान्यांना दसऱ्याला गंध लागतं. तो काय बोलणार?

शू बसले, सिलिंडर बसले, ब्रेक ऑइल भरलं. मग पाइपातली हवा काढायची होती. त्याला एक जण चाकापाशी लागतो आणि एक आत पायडल दाबायला. मष्णू एका बाजूला दिवा धरून, दिव्या गाडीखाली. श्रेयांसला हाक मारली तर तो म्हणाला, माझे कपडे खराब व्हतील. मग मीच लुगडं खोचून मालकांच्या जागेवर बसले.

"दाब आज्जी! धर, धर... सोड. परत दाब. सोडू नको म्हटलं न्हवं!"

मला हुकूम सोडणारी ही या घरातली पहिलीच. पण पायाखाली पायडल हळूहळू घट्ट होत गेलं तेव्हा मजा वाटली, खोटं कशाला सांगू.

दिव्यानं गाडी गोदामाच्या अंगणात फिरवली. एक चक्कर हळू, दुसरी जरा जोरात, आणि ब्रेक दाबला. गाडी कुरकुरली, तिरकी झाली आणि सरळ पोत्यात शिवलेल्या तंबाखूच्या बोदांत जाऊन टेकली.

"थांबली बघ," श्रेयांस ओट्यावरून म्हणाला. "बोदांनी थांबवली."

दिव्या उतरून चाकापाशी बसली. मष्णूनं चाक उतरवलं, ड्रम ओढला, आणि अंगणात वास सुटला. मिरचीची भजी तळावी तसा. दिव्यानं शू नाकाशी धरला. कडेच्या खाचेत कुंकू राहिलं होतं, ते तिनं नखानं उकरलं. मग माझ्याकडे बघितलं आणि बापाला म्हणाली, "सिलिंडरचा रबर गळतोय वाटतं. परत बघायला पायजे."

मला राग आला. माझ्यासाठी कुणी खोटं बोलावं इतकी मी म्हातारी झालेली नाही.

"सिलिंडरला कशाला नावं ठेवतीस? तेल मी लावलंय. घरातलं, घाण्यावरचं. लोखंडाला तेल लावायचं न्हाय तर काय पावडर लावायची?"

श्रेयांस पोट धरून हसला. "आक्का, अगं ब्रेकला तेल? देवीनंच निकाल दिला म्हणायचा की! उद्या दुपारी बोलावतो कोल्हापूरवाल्याला."

दिव्या माझ्यापाशी आली. "आज्जी, लायनर एकदा तेल पिलं की कामातनं गेलं. उद्या दुकान बंद. पुढल्या रविवारपर्यंत थांब."

त्या वेळी हो म्हणायला काय हरकत होती? पण श्रेयांस अजून हसत होता, आणि माझ्या पूजेपायी माझाच शब्द पुढं ढकलला असं त्याला आयुष्यभर सांगता आलं असतं. "उद्या म्हंजे उद्या," मी म्हटलं.

मष्णूनं आणि तिनं सगळे लायनर पेट्रोलनं धुतले, पॉलिशपेपर मारून वरची चकाकी घालवली, वाळवून परत बसवले. रविवारी सकाळी अंगणात गाडी म्हणाल तिथं उभी. श्रेयांस दोनदा गाडीपुढं उभा राहून बघून गेला. त्याचं हसणं बंद झालं.

जेवणं झाल्यावर निघालो. मी पुढं बसले, पदर नीट घेऊन. निपाणीच्या चौकात लोक वळून बघत होते. एक म्हातारा तर हात जोडून उभा राहिला. त्याला मालकच आत आहेत असं वाटलं असावं. स्तवनिधीच्या ब्रह्मदेवाला मी गाडीतूनच नमस्कार केला. घाट चढताना इंजिनाचा आवाज असा घुमत होता की मला पंचवीस-तीस वर्षं मागं गेल्यासारखं झालं. उतरताना कुठं थांब म्हणायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्या वळणाच्या पुढं, ऐन उतारावर.

वर पोचल्यावर वळायला म्हणून दिव्यानं ब्रेक दाबला. गाडी तिला हवी होती त्याच्या थोडी पुढं जाऊन थांबली. आणि बारीक वास आला.

तिनं गाडी वळवली. घाटमाथ्यावरच्या हॉटेलच्या मागं ट्रक लावायची मोकळी सपाट जागा होती. तिथं तिनं गाडी पळवली, ब्रेक दाबला. परत पळवली, परत दाबला. दर वेळी गाडी जरा जास्त लांब जाई आणि भज्यांचा वास वाढत जाई. शेवटी तिनं हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकाखाली दगड लावला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"आज्जी, उतर."

"का? माझं ठिकाण अजून आलं न्हाय."

"वरनं धुतलं तरी आत मुरलेलं तेल तापल्यावर भायेर येतंय. अंगणात लायनर गार व्हते म्हणून धरत व्हते. घाटात दोन वळणं धरतील, तिसऱ्याला सोडतील."

"खाली गिऱ्हाईक येऊन बसलंय. माझी अट ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय."

मी उतरले नाही. आता लोकांना मी सांगते की पोरीची परीक्षा घेतली. तसं काही नव्हतं. मला खरोखरच खाली जायचं होतं, श्रेयांसच्या आणि त्या गिऱ्हाईकाच्या समोर दिमाखात उतरायचं होतं.

"हे बघ," मी आवाज बारीक केला. "पहिल्या गिअरवर सावकाश सोड. मी वाटेत कुठं थांबच म्हणत न्हाय. मग कोण इचारतंय? खाली जाऊन सांगू, थांबली म्हणून. गाडी तुझी."

तिचे डोळे भरून आले होते, पण मान हलली नाही.

"मागं ट्रक, पुढं दुचाकीवाली माणसं. आनि शेजारी तू. न्हाय आज्जी."

"मी सांगतीया तरी?"

"तू सांगितलं तरी. विकू दे पप्पांना. पन ह्या ब्रेकावर मी उतरत न्हाय."

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला इतकं सरळ 'न्हाय' कुणी म्हटलं नव्हतं. मालकही आधी खाकरायचे. मी पदर सावरला. मग उतरले, हॉटेलच्या बाकावर जाऊन टेकले आणि तिच्याकडून श्रेयांसला फोन लावून घेतला.

"श्रेयांस, तुझी गाडी घेऊन वर ये. आमाला न्यायला."

"काय झालं आक्का? कुनाला लागलं न्हाय न्हवं?"

"कुनाला काय धाड झालीया? गाडी हॉटेलच्या मागं ऱ्हाईल. नवे लायनर आले की मष्णू वर येऊन हितंच बसवंल."

"नवे कशाला आता? गिऱ्हाईक बसलंय हितं, चा पितंय."

"चा पिऊन झाला की लावून दे. गाडी विकायची न्हाय. दिव्याची हाय."

त्यानं गिऱ्हाईकाला 'जरा थांबा' म्हटलेलं ऐकू आलं. मग म्हणाला, "म्हंजे घाट उतरला?"

"न्हाय उतरला."

"मग तुझा शब्द?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बोलायचं ते बोललंच पाहिजे.

"शब्द मी दिलता, मीच मोडला. गावाला सांगायचं असंल तर सांग. पन आधी मला न्यायला ये, ऊन लागतंय."

फोन परत दिला. दिव्या माझ्यासमोर उभी होती, तेलकट हातानं तोंड पुसून कपाळभर काळं करून घेतलेलं.

"आज्जी, खरंच?"

"रडू नको हितं, लोक बघत्यात. चा सांग दोन. माझ्यात साखर कमी. आनि पोरी, जी खराब ब्रेकाला भितीया तिच्याच हातात गाडी द्यावी, एवढं मला बिनशाळेचं कळतंय. फुगू नको आता."

चहा आला. श्रेयांसला यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसून घाट उतरायला लागलेले ट्रक बघत राहिलो. वळण आलं की एकेकाचे मागचे लाल दिवे लागत. एकाचा एकच दिवा लागला तशी दिव्या कप हातात घेऊन उभीच राहिली, तो वळणाआड जाईपर्यंत.

"बल्ब गेलाय नुसता," ती म्हणाली. "ब्रेक हाय."

"बस खाली," मी म्हटलं. "सगळ्या ट्रकांचा मक्ता काय तूच घेतलायस?"